दोन नॅनोसेकंदांचा हिशेब

२०२० सालच्या अखेरीस ऑलविनर चिपच्या अनेक बोर्डांवर नवा लिनक्स कर्नल चढवला गेला आणि त्यांचं नेटवर्क बंद पडलं. पाइन६४ प्लस, बनाना पाय एम६४, क्यूबीट्रक ही त्यांतली ओळखीची नावं. पोर्टचा दिवा लागत होता, एक गिगाबिटचा लिंक मिळाल्याचं कर्नल सांगत होता, पण पिंगला उत्तर येत नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी रिअलटेकच्या आरटीएल८२११ई या फाय चिपचा ड्रायव्हर दुरुस्त झाला होता. ती दुरुस्ती योग्यच होती. चुकीचा होता तो या बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीमधला एक शब्द. तो बरीच वर्षं तसाच होता आणि जुना ड्रायव्हर तो मनावर घेत नसल्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे याचं कर्नलला दिलेलं वर्णन. त्याचं मूळ १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात आहे. आज एआरएम आणि रिस्क-फाइव्ह बोर्डांवर त्याशिवाय पान हलत नाही. हे वर्णन कोणत्या शब्दांत करायचं, कोणती प्रॉपर्टी सक्तीची आणि कोणती ऐच्छिक, हे ठरवणारी नियमावली म्हणजे बाइंडिंग. ती यॅमल फाइलमध्ये लिहिली जाते. घराच्या नकाशात भिंती दाखवतात, भाडेकरूच्या सवयी नव्हे. तसंच बाइंडिंगने हार्डवेअर सांगावं, आजचा ड्रायव्हर कसा वागतो ते नव्हे.

इथरनेटमध्ये हा फरक दोन नॅनोसेकंदांवर येऊन ठेपतो. मॅक (पॅकेट बांधणारा भाग) आणि फाय (केबलवर सिग्नल पाठवणारी चिप) यांना जोडणाऱ्या आरजीएमआयआय तारांवर गिगाबिट वेगाला घड्याळ १२५ मेगाहर्ट्झने चालतं आणि त्याच्या दोन्ही कडांवर डेटा येतो. म्हणजे प्रत्येक वेळी हाताशी फक्त चार नॅनोसेकंद. घड्याळाची कड डेटाच्या मधोमध पडावी म्हणून घड्याळ सुमारे दोन नॅनोसेकंद उशिरा पोचवावं लागतं. हा उशीर बोर्डावरची लांब वळणदार तार करू शकते, मॅक करू शकतो किंवा फाय. दोघांनी केला तरी घोटाळा, कुणीच नाही केला तरी घोटाळा.

ही वाटणी ‘फाय-मोड’ या प्रॉपर्टीतून कळते. ‘आरजीएमआयआय-आयडी’ लिहिलं तर दोन्ही दिशांचा उशीर फायने करायचा, ‘टीएक्सआयडी’ लिहिलं तर फक्त पाठवण्याच्या दिशेचा. नुसतं ‘आरजीएमआयआय’ म्हणजे उशीर बोर्डावरच्या तारांतच आहे. या शेवटच्या अर्थाबद्दल इतका गोंधळ होता की २०२५ मध्ये इथरनेट कंट्रोलरच्या सामायिक बाइंडिंगमध्ये त्यावर सविस्तर खुलासा जोडावा लागला. ऑलविनरच्या त्या बोर्डांवर नुसतं ‘आरजीएमआयआय’ लिहिलेलं होतं. दुरुस्त ड्रायव्हरने ते खरं मानलं आणि फायमधला उशीर बंद केला.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स ईव्हीएम बोर्डावर २०१९ मध्ये असंच घडलं होतं. डिव्हाइस ट्रीत ‘टीएक्सआयडी’ होतं, तर बोर्डाला दोन्ही दिशांचा उशीर हवा होता. एआर८०३१ फायमध्ये येणाऱ्या दिशेचा उशीर मुळातच चालू असतो आणि जुना ड्रायव्हर तो बंद करत नव्हता, म्हणून सगळं सुरळीत दिसत होतं. ड्रायव्हर सुधारला आणि झाकलेली चूक उघडी पडली.

इथे भिलाईत हा विषय पुस्तकी राहत नाही. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हापासून या गावाला यंत्रं दशकानुदशकं चालवायची सवय आहे. कारखान्याभोवतीच्या लघुउद्योगांत आता यंत्रांचा डेटा गोळा करणारे छोटे लिनक्स गेटवे बसू लागलेत आणि कुटेलाभाठ्याच्या आयआयटीतून कर्नलमध्ये हात घालणारी मुलं बाहेर पडताहेत. अशाच एका कंपनीचा गेटवे कर्नल बदलल्यावर मुका झाला आणि माझ्याकडे आला. ईथटूलने वेग १०० मेगाबिटवर आणला, तर पिंग ताबडतोब सुरू झालं. गिगाबिटवर सीआरसी चुकांचा आकडा भराभर चढू लागला. १०० मेगाबिटला घड्याळ २५ मेगाहर्ट्झचं, एका फेरीला ४० नॅनोसेकंद, तिथे दोनचा फरक पचून जातो. निदान तिथेच झालं. स्कीमॅटिकमध्ये तारा सरळ आणि समान लांबीच्या होत्या, डिव्हाइस ट्रीत मात्र नुसतं ‘आरजीएमआयआय’. ते लिहिणाऱ्याने दुसऱ्या बोर्डाची फाइल उचलली होती, तपासणाऱ्याने ‘चालतंय ना’ एवढंच विचारलं होतं.

म्हणून बाइंडिंग किंवा डिव्हाइस ट्रीचा पॅच तपासायला आला, की आधी स्कीमॅटिक मागावं. उशीर कोण करतो, याचं उत्तर पॅचच्या संदेशात लिहिलेलं हवं. मॅकमध्ये किंवा फायमध्ये नेमका किती उशीर हवा हे सांगायचं असेल, तर पिकोसेकंदांत मोजणाऱ्या ठरलेल्या प्रॉपर्टी आहेत. स्वतःच्या नावाची नवी बनवू नये.

मग ‘कम्पॅटिबल’ पाहावं. तिथे नेमक्या चिपचं नाव हवं. एक्स घालून अख्ख्या कुटुंबाला कवेत घेणारं नाव चालत नाही, कारण पुढची चिप वेगळी निघाली की ती ओळखायला जागाच उरत नाही. क्लॉक आणि इंटरप्ट यांचा क्रम व नावं पक्की असावीत. रांगेची लांबी किंवा बफरचा आकार ड्रायव्हरच्या सोयीसाठी मागितला असेल, तर तो हार्डवेअरचा गुण आहे का, हे विचारावं.

इथरनेटच्या सामायिक बाइंडिंगचा संदर्भ घेतला असेल, तर शेवटी ‘अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज’ला फॉल्स लिहिणं रास्त. तिथे ‘अ‍ॅडिशनल प्रॉपर्टीज’ला फॉल्स लिहिलं, तर सामायिक फाइलमधल्या प्रॉपर्टीही नाकारल्या जातात. जुन्या बाइंडिंगमध्ये नवी प्रॉपर्टी सक्तीची करू पाहणारा पॅच तर थांबवावाच: जुनी डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची बायनरी फाइल, नव्या कर्नलवर चालली पाहिजे, हा कर्नलचा शब्द आहे.

‘डीटी बाइंडिंग चेक’ आणि ‘डीटीबीएस चेक’ या दोन्ही आज्ञा चालवल्याशिवाय पॅच पुढे जाऊ देऊ नये. पण या आज्ञा व्याकरण तपासतात. ‘आरजीएमआयआय’ आणि ‘आरजीएमआयआय-आयडी’ दोन्ही त्यांना सारखेच मान्य. बोर्डावरची तार त्यांना दिसत नाही. ती बोर्डावरच तपासावी लागते, आणि तेही बूटलोडरमध्ये नेटवर्क न वापरता, फायला हार्डवेअर रीसेट देऊन. नाहीतर यू-बूटने फायच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं कर्नलच्या पथ्यावर पडतं आणि चूक पुन्हा झाकली जाते. त्यानंतर गिगाबिटवर बराच वेळ दोन्ही दिशांनी डेटा ओढून चुकांचे आकडे पाहावेत.

बोर्ड आधीच ग्राहकांकडे पोचले असतील, तर दुरुस्तीआधी डीटीबी कुठे ठेवली आहे ते विचारावं. ती कर्नलसोबत बदलत असेल, तर डिव्हाइस ट्रीचा पॅच ‘फिक्सेस’च्या ओळीसह स्थिर आवृत्त्यांतही धाडावा. रिअलटेकचा तो बदल जुन्या स्थिर कर्नलांतही गेला होता, त्यामुळे बोर्डांच्या दुरुस्त्याही तिथवर नेणं भाग होतं. डीटीबी फ्लॅशमध्ये वेगळी पडली असेल, तर नुसता कर्नल बदलून ती सुधारत नाही. तेव्हा कर्नल आणि डीटीबी एकाच अपडेटमध्ये बांधावेत, आणि अपडेट अर्धवट राहिलं तर आधीची जोडी परत यावी अशी सोय त्याच पॅकेजमध्ये ठेवावी.