न्हाणीघर : आधी ओल, मग टाइल्स

प्रश्न : मार्कंड्याला वैनगंगेजवळ आमचं पहिलंच घर घेतलंय, जुनं आहे. न्हाणीच्या भिंतींना ओल आहे, पाणी साचतं. दुरुस्ती स्वतः करू शकतो का?

उत्तर : बरीचशी करू शकता. फक्त क्रम चुकवू नका आणि काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात ओल नळाची की जमिनीची, हे कळत नाही.

आधी जुनी फरशी काढून गळके पाइप बदला. मग नहाणी ट्रॅपकडे मीटरला १ ते दीड सेंटिमीटर उतार द्या. भिंत-फरशीचा कोपरा गोलाईत भरा. वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. भिंतीवर किमान ३० सेंटिमीटर, शॉवरपाशी डोक्याच्या वरपर्यंत. ट्रॅपचं तोंड बंद करून २४ तास पाणी साठवा. पातळी उतरली किंवा बाहेर ओल दिसली, तर टाइल्स लावू नका. ही चाचणी टाळाल, तर पुढे सगळं फोडावं लागेल.

जमिनीवर खरबरीत टाइल्सच घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करा. सांडपाणी नदीकडे सोडू नका, विहिरीपासून दूर शोषखड्डा करा.

गिझरची वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. इथे काटकसर जिवावर बेतते.