लिलावात गेलेली जागा : अर्ज आधी, अपील नंतर

व्यापार म्हटला की उधारी आली आणि उधारी थकली की कोर्टाची पायरीही आली. हुकूमनामा होतो, दरखास्त दाखल होते आणि दुकान किंवा कारखान्याची जागा जप्त होऊन लिलावात निघते. अशा वेळी आपले अनेक बांधव म्हणतात, "विक्री कायम होऊ द्या, मग वर अपील करू." हा समज घातक आहे.

शेवटची बोली झाली म्हणजे लगेच मालकी बदलत नाही. कोर्टाने विक्री कायम करावी लागते. मधल्या काळात कर्जदाराला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ मध्ये दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, नियम ८९ : पैसे भरून जागा सोडवणे. समजा, लिलावाच्या जाहीरनाम्यात येणे रक्कम ८० हजार आहे आणि जागा ३ लाखांना गेली. अशा वेळी धनकोसाठी ८० हजार आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के, म्हणजे १५ हजार, असे एकूण ९५ हजार रुपये कोर्टात भरावे लागतात. इथे कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही.

दुसरा मार्ग, नियम ९० : लिलाव पुकारण्यात किंवा चालवण्यात गंभीर अनियमितता अथवा लबाडी झाली, आणि त्यामुळे आपले मोठे नुकसान झाले, हे दाखवणे. नुसती किंमत कमी आली एवढे पुरत नाही. जाहीरनामा तयार होण्यापूर्वी जी हरकत घेता आली असती, तीही नंतर चालत नाही.

दोन्ही मार्ग एकदम चालत नाहीत. नियम ९० चा अर्ज मागे घेतल्याशिवाय नियम ८९ चा अर्ज चालवता येत नाही.

दोन्हींची मुदत विक्रीच्या तारखेपासून ६० दिवस. नियम ८९ चे पैसेही याच मुदतीत भरायचे. आजारपण, परगावी असणे अशी कारणे देऊन ही मुदत वाढवून मिळत नाही, कारण मुदत कायद्याच्या कलम ५ ची सवलत ऑर्डर २१ च्या अर्जांना नाही.

आता अपिलाकडे येऊ. ऑर्डर ४३ प्रमाणे अपील मिळते ते विक्री रद्द करणाऱ्या किंवा रद्द करण्यास नकार देणाऱ्या हुकमावर. अर्जच केला नसेल तर नकार कशाला मिळणार? आणि नकार नाही तर अपील कशावर? विक्री आपोआप कायम होते. नियम ९२ खालील हुकूम रद्द करून घेण्यासाठी वेगळा दावाही लावता येत नाही.

अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस. नकलेसाठी लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज हुकमाच्या दिवशीच टाकावा. अपिलाला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते. मात्र त्यापुढे दुसरे अपील नाही. नुसते अपील दाखल केल्याने ताबा देण्याचे काम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

'मूळ हुकूमनामाच चुकीचा आहे' या भरवशावरही राहू नये. 'जनकराज विरुद्ध गुरदयाल सिंह' या खटल्यात ५१९ रुपयांच्या एकतर्फी हुकूमनाम्यापोटी घर ५,१०० रुपयांना लिलावात गेले. पुढे तो हुकूमनामा रद्द झाला, तरी तिऱ्हाईत खरेदीदाराच्या नावे विक्री कायम व्हावी, असाच निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

लिलावात जागा घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे : २५ टक्के रक्कम जागेवरच आणि उरलेली पंधराव्या दिवशी कोर्ट बंद होण्यापूर्वी भरावी लागते. चुकल्यास जागेचा फेरलिलाव होतो आणि अनामतही जप्त होऊ शकते.

तेव्हा बांधवांनो, कोर्टाची नोटीस गल्ल्यात टाकून ठेवू नका. लिलावाची तारीख वहीत लिहा, त्यापासून ६० दिवस मोजा आणि पहिल्याच आठवड्यात वकिलांकडे जा.