बोटावरचा चिमटा

शस्त्रक्रियेपूर्वी तुमच्या बोटाला एक चिमटा लावतात. तो टोचत नाही. मग करतो काय?

अंधारात विजेरीच्या काचेवर बोट ठेवा. ते लालभडक दिसेल, कारण लाल प्रकाश बोटातून पार येतो. चिमटा लाल (सुमारे ६६० नॅनोमीटर) व अवरक्त (सुमारे ९४० नॅनोमीटर) असे दोन प्रकाश आळीपाळीने सोडतो. प्राणवायूयुक्त रक्त लाल प्रकाश कमी शोषते, अवरक्त अधिक; प्राणवायू गमावलेल्या रक्ताचे याउलट. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमन्यांत रक्त वाढते व पार येणारा प्रकाश किंचित घटतो. ही घट तेवढी मोजली की त्वचा व हाडे हिशेबातून आपोआप वगळली जातात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती १९७४ मध्ये मांडली. दोन्ही प्रकाशांच्या घटीची तुलना करून यंत्र प्राणवायूची टक्केवारी दाखवते. निरोगी मुलांत ती साधारणतः ९५ ते १०० असते.

भूल दिल्यावर तुम्हाला काही सांगता येत नाही. तेव्हा यंत्राचा प्रत्येक नाद म्हणजे तुमच्याच नाडीचा ठोका. प्राणवायू घटला तर बहुतेक यंत्रांचा स्वर उतरतो आणि भूलतज्ज्ञाला मान न वळवताही ते कळते.

जाताना नखांचा रंग तेवढा पुसून जा!