शंभरच्या वेगाला गाडी आतून का घुमते?

प्रश्न (डोंबिवली एमआयडीसीतून एक वाचक): माझ्याकडे दोन लिटर, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स सेदान आहे. दिवाळीत तिला फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवून घेतला. आवाज मनासारखा आला. शीळ रस्त्याने रोज ठाण्याला जाताना काही त्रास होत नाही. पण माणकोलीचा पूल ओलांडून आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि गाडी एका वेगाला धरली, की आत ‘घूंऽऽ’ असा आवाज भरून राहतो. टॅकोमीटरचा काटा २४०० च्या आसपास असताना सर्वांत जास्त, २८०० ला जवळजवळ नाहीसा. नाशिकला पोचेपर्यंत मागे बसलेल्या आईचं डोकं जड होतं. आता ती या गाडीने यायला नको म्हणते. गॅरेजवाले म्हणतात, सगळ्या गाडीला डॅम्पिंग करून घ्या. करू का?

उत्तर: नका करू, निदान आत्ता तरी. तुम्ही काट्याचा आकडा लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्या आकड्यावरूनच कळतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणजे ८० स्फोट. तेवढेच धक्के एक्झॉस्टच्या पाइपातून मागे येतात आणि त्यांचा मिळून ८० हर्ट्झचा एक सूर तयार होतो. पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण याच भागात बोलते, म्हणजे सूर किती खालचा आहे ते लक्षात येईल. हवेत या सुराची तरंगलांबी सुमारे ४.३ मीटर. तिचं अर्धं करा, २.१५ मीटर. आता टेप घेऊन पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत गाडी आतून मोजा. बहुतेक गाड्यांत आकडा याच्याच आसपास येतो. एक्झॉस्टचा सूर आणि केबिनमधल्या हवेचा स्वतःचा सूर एकमेकांना भेटले की हवा पुढे-मागे डोलू लागते, आणि मूळचा बेताचा आवाज आत कित्येक पट मोठा होतो. २८०० ला एक्झॉस्टचा सूर ९३ हर्ट्झवर सरकतो, जुळणी मोडते, घुमणं विरतं. शीळ रस्त्यावर काटा कुठेच दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून तिथे हे जाणवत नाही. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत राहून तासन्‌तास एकाच वेगाने जाता येतं, म्हणून तिथेच ते छळतं.

या डोलण्यात हवेचा दाब सर्वांत जास्त खालीवर होतो तो दोन टोकांना, पुढच्या आणि मागच्या काचेपाशी. मधल्या भागात तो सर्वांत कमी. ड्रायव्हरचं डोकं बरंचसं मध्याकडे असतं, मागे बसणाऱ्याचं मागच्या काचेला जवळजवळ टेकलेलं. आईंना तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतो तो यामुळे. त्यांच्या तक्रारीला वयाचं कारण देऊ नका. एकदा दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला देऊन स्वतः मागे बसून पाहा.

कुणी मोबाइलवर डेसिबल मोजून ‘एवढा काही आवाज नाही’ असं म्हणेल, तर तेही मानू नका. नेहमीचे डेसिबल मीटर ‘ए’ वेटिंगने मोजतात, आणि त्यात ८० हर्ट्झच्या आवाजातून जवळपास २२ डेसिबल वजा होतात. आकडा सौम्य दिसतो, कानावरचा दाब तसाच राहतो. त्याऐवजी स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. मागच्या सीटवरच्या माणसाने फोन डोक्याच्या उंचीवर धरावा, तुम्ही काटा २४०० वर स्थिर ठेवा. ८० च्या आसपास एकटाच उंच सुळका दिसला, की तुमचा सूर सापडला.

पण त्याआधी हा आवाज एक्झॉस्टचाच आहे ना, याची खात्री करा. त्याच वेगाला एक गिअर खाली या. घुमणं थांबलं किंवा बदललं तर ते इंजिन-एक्झॉस्टचं. वेग तोच आणि आवाजही तोच राहिला तर टायर किंवा व्हील बेअरिंग पाहायला हवं. मग गाडी लिफ्टवर घेऊन सायलेन्सर लटकवणारे रबर तपासा. फ्री-फ्लो बसवताना पाइप जरा तिरका बसला आणि बॉडीला किंवा मागच्या सबफ्रेमला घासू लागला, तर सगळा कंप थेट पत्र्यात उतरतो. रबर ताणलेलं, चिरलेलं किंवा फार कडक असेल तरी तेच. रबर बदलणं हे यातलं सर्वांत स्वस्त काम आणि पुष्कळ वेळा तेवढ्याने अर्धा त्रास जातो. त्याच वेळी जोडांमधून गॅस गळतोय का ते पाहा. आवाजाबरोबर आत धुराचा वास येत असेल किंवा आईंचं डोकं जड होण्याबरोबर मळमळतही असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो जीव घेतो.

आता डॅम्पिंगविषयी. ब्युटिलचे चिकट शीट पत्र्याचं थरथरणं कमी करतात. डिकीचं झाकण आणि तळ यांवर ते लावले तर थोडा फायदा होईल, कारण हेच मोठे पत्रे स्पीकरच्या पडद्यासारखे हलून सूर आत ढकलतात. पण दारं, छत, बॉनेट सगळीकडे शीट आणि वर फोम लावून ८० हर्ट्झ जाणार नाही. फोमने आवाज नीट शोषायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास हवी, म्हणजे इथे एक मीटरहून जास्त. गाडीत फोमच राहील, माणसं बाहेर बसतील. उलट डॅम्पिंगने वारा आणि टायरचा आवाज कमी होतो आणि राहिलेला ‘घूं’ अधिकच उठून दिसतो. पैसे देऊन त्रास वाढल्याची भावना अनेकांना येते ती यातूनच.

सूर एकच आहे, तर कापायचाही तेवढाच. तुमच्या मूळ एक्झॉस्टमध्ये मागच्या मफलरच्या आधी बहुधा एक रेझोनेटर होता. फ्री-फ्लो बसवताना तो कापून सरळ पाइप टाकला का, हे बसवणाऱ्याला विचारा. तो डबा शोभेचा नसतो. गाडी बनवताना केबिन कोणत्या सुराला घुमते हे शोधून त्याच सुरासाठी त्याची लांबी आणि आकारमान ठरवलेलं असतं. पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आणि मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत एनव्हीएच, म्हणजे आवाज, कंप आणि खडखड, हा कामाचा वेगळा विभागच असतो. माझं स्पष्ट मत असं, की शक्य असेल तर मूळ एक्झॉस्ट परत बसवा. कायद्याचा प्रश्नही त्याने सुटतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ते शक्य नसेल तर दुसरा उपाय आहे, ज्याला हौशी मंडळी जे-पाइप म्हणतात. मुख्य पाइपाला एक आडवी शाखा वेल्ड करायची आणि तिचं दुसरं टोक बंद ठेवायचं. नळाखाली कळशी भरताना पाणी वर येईल तसा आवाज चढत जातो, कारण आतला हवेचा खांब आखूड होत जातो. एका टोकाला बंद असलेला हवेचा खांब आपल्या लांबीनुसार एक सूर धरतो. जे-पाइपात तोच सूर बंद टोकावर आपटून नेमका उलटा होऊन मुख्य पाइपात परत येतो आणि येणाऱ्या सुराला पुसतो. शाखेची लांबी सुराच्या तरंगलांबीच्या चौथा भाग हवी. इथे बरेच जण फसतात, कारण गरम वायूत ध्वनी जास्त वेगाने धावतो. ३० अंशांच्या हवेत ८० हर्ट्झसाठी १.०९ मीटर पुरतील, १५० अंशांच्या वायूत १.२९ मीटर लागतील. बंद शाखेतून प्रवाह वाहत नसल्याने ती मुख्य पाइपापेक्षा थंड राहते, पण नेमकी किती ते गाडीगणिक बदलतं. म्हणून शाखा थोडी लांब ठेवावी, शेवटचं झाकण आधी क्लँपवर बसवून मागेपुढे करून पाहावं, गाडी पूर्ण तापल्यावर समृद्धीवर चाचणी घ्यावी आणि मगच ते वेल्ड करावं. शाखेचा व्यास मुख्य पाइपाएवढा असेल तर परिणाम चांगला होतो. ती पार मागे, टिपाजवळ लावू नये, कारण उघड्या टोकापाशी दाबाची हालचाल जवळजवळ नसते आणि शाखेला पुसायला काही मिळत नाही. बंद टोक मुख्य पाइपाच्या किंचित वर राहील असा उतार ठेवावा, नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी आत साचून पाइप गंजतो. आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर लक्षात घेऊन ती तळाला चिकटून बसवावी.

होंडाने २००३ च्या इन्स्पायरमध्ये हेच काम स्पीकरकडून करून घेतलं. सहापैकी तीन सिलिंडर बंद झाले की जो घुमा उठे, तो मायक्रोफोनने ऐकून त्याचा उलटा सूर केबिनमध्ये सोडला. जुन्या गाडीत ही यंत्रणा नंतर बसवणं मात्र फार किचकट काम आहे.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रस्ता): माझी तीन सिलिंडरची टर्बो गाडी अगदी कंपनीकडून आली तशी आहे. ट्रॅफिकमध्ये वरच्या गिअरमध्ये हळू चालवताना ती गुरगुरते. दोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. तीन सिलिंडरला फेरीमागे दीडच स्फोट होतात. १५०० आरपीएमला सूर ३७.५ हर्ट्झचा, म्हणजे कानापेक्षा छातीला आणि सीटला जास्त जाणवणारा. एवढ्या कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये ओझं ओढायला लावलं की इंजिनही कण्हतं. एक गिअर खाली घ्या, काटा २००० च्या वर ठेवा. त्यानेही थांबलं नाही तर इंजिन माउंटिंग दाखवून घ्या.

प्रश्न (कल्याण पश्चिम, खडकपाडा): आमच्या सोसायटीखालून रात्री सायलेन्सर बदललेल्या गाड्या जातात. खिडक्या बंद केल्या तरी तावदानं थरथरतात, बाळ दचकून उठतं. खिडकीला जाड पडदे लावले तर थांबेल का?

उत्तर: पडद्यांनी थांबणार नाही. कोणताही अडथळा उंच सूर सहज अडवतो, खालचा सूर अडवायला वजन लागतं. भिंतीचं किंवा काचेचं वजन तेच असेल, तर सूर निम्म्यावर आला की अडवण्याची ताकद ढोबळमानाने सहा डेसिबलने घटते. पातळ काचेच्या सरकत्या खिडकीतून ८० हर्ट्झ जवळजवळ विनाअडथळा आत येतो. काच जाड आणि दुहेरी करून फटी रबराने बंद केल्या तर थोडा फरक पडेल, पण बाळाची झोप सांभाळण्याचा खर्च तुम्ही का करावा? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाजाचे निकष मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिने परवानाही जातो. डोंबिवलीच्या वाचकांनी हे आवर्जून वाचावं. तुमच्या केबिनमध्ये घुमणारा सूर बाहेरही कुणाच्या तरी खिडकीवर आदळतो.

तक्रार ११२ वर किंवा वाहतूक पोलिसांकडे करा. गाडी कुठल्या दिशेने गेली, किती वाजता, नंबर काय आणि रोज त्याच वेळी येते का, एवढं चार-पाच रात्री लिहून ठेवा. आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, पण फोनचा मायक्रोफोन खालचे सूर आहेत त्याहून कमी टिपतो, तेव्हा नुसत्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. नंबर आणि वेळ लिहिलेला कागद त्याहून जास्त उपयोगी पडतो, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर तीन-चार घरांच्या सह्या असतील तर आणखीच.