डिटेक्टर वाजल्यावर

पुणे

चि. निनाद,

तू मेटल डिटेक्टर घेतल्याचं ताईकडून कळलं आणि पाठोपाठ राणीछाप रुपयाचा फोटोही आला. नाणं छान आहे. फक्त त्यावर १८६२ आहे म्हणून ते त्याच साली पाडलं असं धरू नकोस. त्या काळच्या टांकसाळींनी १८७४ पर्यंत तेच साल छापत ठेवलं होतं. काटा असेल तर वजन कर. ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरायला हवं. झिजलेलं असेल तर थोडं कमी.

आता कुठं शोधू, असं तू विचारलं आहेस. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की यंत्र वाजल्यावर तू काय करणार.

जोगलटेंभी तुमच्या जिल्ह्यातलंच गाव. १९०६ मध्ये तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सव्वातेरा हजारांच्या वर नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच चैत्याची खूण ठोकलेली. सातकर्णीनं त्याचा पाडाव केला आणि त्याचंच चलन आपल्या नावानं फिरवलं, याचा याहून ठळक पुरावा दुसरा नाही. पण हे एकेका नाण्यानं सांगितलेलं नाही. छाप मारलेली किती, न मारलेली किती, आणि दोन्ही एकाच ठिकाणी निघाली, यावरून ते कळलं. हीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून सोनारांकडे गेली असती तर दोन किलोमीटरवरच्या माणसालाही पत्ता लागला नसता. असे कितीतरी साठे आटले असणार. त्यांची यादी कुणी करू शकत नाही.

इंग्लंडमधली हॉक्सनची गोष्ट तुला आवडेल. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी निघू लागली. लॉजनं थोडं काढलं आणि थांबला. कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जागच्या जागी उकरलं, म्हणून लाकडी पेटी कुजून गेली असतानाही आत काय कशाला लागून ठेवलं होतं ते समजलं. चौदा हजारांवर रोमन चांदीची नाणी होती त्यात. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! लॉजला भरघोस बक्षीस मिळालं, शेतकऱ्याबरोबर वाटून. मला मात्र त्याचं कौतुक वाटतं ते फावडं खाली ठेवल्याबद्दल. समोर चांदी चमकत असताना हात आवरणं सोपं नाही.

तेव्हा एक नाणं निघालं तर काढ. दुसरं, तिसरं लागलं, किंवा खापराचा काठ दिसला, की थांब. फोटो घे, शेजारी मोजपट्टी ठेवून. खोली लिही, गट नंबर लिही, बांधापासून किती पावलं ते लिही. मग वर माती सारून दाजींना सांग. गावात बोलू नकोस. गुप्तधनाचं नाव निघालं की मांत्रिक हजर होतात, आणि त्यातून माणसांचे जीव गेले आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगीच झालेला नाही.

कायदा रुक्ष आहे, पण माहीत हवा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, किती, कुठं, कोणत्या तारखेला. दहा रुपये तेव्हाचे. आज चांदीचं एक नाणंही ती मर्यादा ओलांडतं. एकटं नाणं पुरलेलं की कुणाच्या कनवटीतून पडलेलं, यावर वाद घालता येईल. मडकं लागलं तर वादाला जागा नाही. लपवलंस तर तुझा हिस्सा जातो आणि वर शिक्षा. कळवलंस आणि कुणी हक्क सांगायला आलं नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचं. सरकारला ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा हिस्सा वर देतात. हा मोबदला मला कंजूष वाटतो. इंग्लंडात बाजारभाव धरतात, म्हणून तिथं लोक कळवतात. पण कायदा बदलेपर्यंत आहे तो पाळायचा. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, हेही लक्षात असू दे.

मित्रांबरोबर किल्ल्यावर जायचा बेत मात्र पूर्ण सोड. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी नको म्हटलं असतं. गढीच्या पडक्या भिंतीही कुणाच्या तरी मालकीच्या असतात.

यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. चांदीतून वीज उत्तम वाहते, म्हणून यंत्रावरचा आकडा वर जातो. पण ॲल्युमिनियमचे तुकडेही कान फसवतात. आपल्या बेसॉल्टच्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे यंत्र जमिनीशी जुळवून घेतल्याशिवाय सुरुवात करू नकोस. नाणं वीतभर खाली गेलं तर बहुधा सुटेल.

आणि फोटोतलं नाणं चकचकीत का दिसतंय? ताईनं चिंच लावली असेल, किंवा रांगोळीनं घासलं असेल. पुढचं नाणं साध्या पाण्यात बुडवून माती सुटू दे, मऊ कापडावर वाळव, बस्स. काळी झाक तशीच राहू दे. घासलेल्या नाण्याची संग्राहक किंमत करत नाहीत, आणि अक्षरांचे कंगोरे गेले की टांकसाळ ओळखणंही अवघड होतं. लक्ष्मीपूजनाला ठेवायचं तर खुशाल ठेव, पण कुंकू लावण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव.

विहिरीशेजारचा तो तुकडा पूर्वी कुणाचा होता, तिथं घर होतं का, हे आजोबांना विचार. फोनवर सांगू नकोस, वहीत लिहून काढ आणि त्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
मामा