बी.एड.चं दार सीईटीने उघडत नाही

साक्री तालुक्यात मुलगी बी.ए. झाली की घरात पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘आता बी.एड. करून घे.’ भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना बंद पडून एक पिढी होत आली, कांद्या-मक्याच्या भावावर कुणाचा भरवसा नाही आणि मास्तरकीला गावात अजून मान आहे. मीही त्याच वाक्यावर निघाले होते. आज तालुक्यातल्याच एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, पण वाटेत एक अख्खं वर्ष गेलं. उन्हाळा लागला की ओळखीच्या-अनोळखी मुली फाइल घेऊन घरी येतात. त्यांना तोंडी जे सांगते ते एकदा लिहून काढते आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : सीईटीला काय विचारतात? त्याचं उत्तर सोपं आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची ही परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. त्यात बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्यज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नेटाने दोन महिने अभ्यास केला तर पदवीधराला ही परीक्षा जड नाही. मला पहिल्याच वर्षी चांगले गुण पडले होते, आणि तरी माझा प्रवेश झाला नाही.

झालं असं की पदवीला मला ४८ टक्के. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४च्या नियमांनुसार बी.एड.ला पदवीत किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के लागतात. महाराष्ट्रात राखीव प्रवर्गाला ४५ चालतात. मी ओबीसी, म्हणजे पात्र. जातीचा दाखला होता, भावाच्या खटपटीमुळे व्हॅलिडिटीही हातात होती. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मात्र जुनं होतं, मुदत संपलेलं. अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘आक्का, चिंता करू नको, तुनं काम व्हई जाई.’ शिवाय त्याने अर्जात माझं सासरचं नाव टाकलं, कारण आधार कार्डावर तेच होतं. दहावीच्या गुणपत्रिकेपासून व्हॅलिडिटीपर्यंत बाकी सगळे कागद माहेरच्या नावाचे.

कागदपत्रांच्या पडताळणीत दोन्ही गोष्टी अडल्या. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत नॉन-क्रिमीलेअर वैध असावं लागतं. हक्क शाबित झाला नाही म्हणून मला खुल्या प्रवर्गात टाकण्यात आलं. इथे बऱ्याच जणी म्हणतात, ‘मग काय बिघडलं, ओपनमधून घ्यायचा प्रवेश!’ बिघडतं ते इथेच. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात. माझे ४८. म्हणजे एका दाखल्याच्या तारखेमुळे मी गुणवत्ता यादीत खाली सरकले नाही, यादीतूनच बाहेर पडले. नवा दाखला हातात येईपर्यंत तक्रार करायची मुदत संपून गेली होती.

म्हणून ४५ ते ५० टक्क्यांच्या मधल्या मुलींना मी सर्वांत आधी हे सांगते : तुमच्या बाबतीत जातीचे कागद म्हणजे सवलत नाही, पात्रताच आहे. ५० च्या वर असाल तर चुकलेला कागद तुम्हाला दुसऱ्या यादीत नेईल. खाली असाल तर थेट घरी पाठवील. पदव्युत्तर परीक्षेचे गुणही धरले जातात, तेव्हा पदवी कमी गुणांची असेल तर एम.ए. पूर्ण करून येणं हा अगदी सरळ मार्ग आहे. माझ्या वर्गात अशा तिघी-चौघी होत्या आणि त्या आमच्यापेक्षा शिकवायच्याही चांगल्या.

आता व्हॅलिडिटी. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला तेवढा पुरत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. समिती बघते ती जुनी नोंद. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा असेल तर काम सोपं होतं. तेव्हा शाळेत गेले होते ते आपले आजोबा, नाहीतर पणजोबा. आजोबा निरक्षर असतील तर त्यांचे धाकटे भाऊ, चुलत आजोबा, आत्या, कुणीतरी शाळेची पायरी चढलेलं असतं. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. तोही नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, कोतवाल बुक शोधावं लागतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, निम्मा त्रास वाचतो. चुलत्याशी बांधावरून बोलणं बंद असेल तर ते या निमित्ताने सुरू करावं. हे मी गमतीने लिहीत नाही. सख्ख्या भाऊबंदकीपायी व्हॅलिडिटी अडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पिंपळनेर, दहिवेल, कुडाशी पट्ट्यातल्या कोकणी, भिल्ल, मावची समाजाच्या मुलींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही, पण जमातीच्या पडताळणीला वेळ फार जातो. त्यांनी तर पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच कागद जमवायला घ्यावेत. पडताळणीच्या अर्जाला महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं. ते मागायला लाजू नका, द्यायला ते बसलेलेच आहेत.

लग्न झालेल्यांसाठी दोन गोष्टी. सीईटीच्या अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच नाव टाका, आणि नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला फाइलीत ठेवा. दुसरी : तुमचं क्रिमीलेअर ठरतं ते आईवडिलांच्या स्थितीवरून, नवऱ्याच्या पगारावरून नाही. नवरा एसटीत वाहक आहे म्हणून दाखला मिळणार नाही असं सांगून एकीला काउंटरवरून परत पाठवलं होतं. तिने पुन्हा जाऊन वडिलांच्या उत्पन्नावर तो काढला.

आपल्याकडची बरीच कुटुंबं कामासाठी सुरतेला असतात. तिकडे दहावी-बारावी किंवा पदवी झालेल्यांनी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला आधी पाहावा. परक्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं, आणि गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी ग्रेड असेल तर टक्केवारीचं पत्र. आपल्या विद्यापीठाचं काही काम निघालं तरी जळगाव इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

ते वर्ष हातचं गेल्यावर घरी एक जण आले. गोड बोलणारे, गावातल्या दोघा-तिघांची नावं घेणारे. परराज्यातल्या एका कॉलेजात प्रवेश करून देतो, सीईटी नको, हजेरी नको, परीक्षेपुरतं जायचं. घरच्यांनी कांद्याचे पैसे बाजूला काढायची तयारीही केली होती. मी नको म्हटलं ते फार मोठ्या शहाणपणाने नाही. मला माझं घर सोडून परीक्षेला इतक्या लांब जायचं नव्हतं, बस्स. माझ्या ओळखीतली एक गेली. नियम काय आहे तो वाचा : दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षाला किमान २०० दिवस काम, वर्गात ८० टक्के आणि इंटर्नशिपमध्ये ९० टक्के हजेरी, आणि शाळेतली इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची. ‘हजेरी नको’ म्हणणारा माणूस हे सगळं खोटं लिहून देणार असतो. तिच्याकडे आज गुणपत्रिका आहे. पण एका संस्थेत मुलाखतीला पाठ घ्यायला सांगितला तेव्हा टाचण कसं काढायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटं उभं राहून घाम फुटतो ना, त्या घामालाच शिक्षण म्हणतात असं माझं मत झालं आहे.

कॉलेज राज्यातलं असलं तरी पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्याची एनसीटीईची मान्यता चालू आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे संकेतस्थळावर स्वतः बघा. फीसुद्धा तशीच. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यापलीकडे देणगी मागणं १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, फीसवलत ही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घुसलात की ती गेली. वडिलांना हे आकडे घालून सांगा, म्हणजे ‘थोडे पैसे देऊन टाकू’ हे वाक्य घरात पुन्हा निघत नाही.

दुसऱ्या वर्षी मी धुळ्याच्या एका कॉलेजात लागले. साक्रीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पहाटेची एसटी, नेर-कुसुंब्यापर्यंत उभ्यानेच. बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून झालं, आमच्या वेळी पूर्ण लागायचं. दोन वर्षं हे जमणार आहे का, लहान मूल कुणाजवळ राहणार, हेही प्रवेशाच्या अटींइतकंच आधी ठरवायला हवं. माहितीपुस्तिकेत ते छापलेलं नसतं.

सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न असा : तुला शिकवायचं कितवीला आहे? ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्याआधी २८ जून २०१८च्या अधिसूचनेने ती मुभा दिली होती आणि त्या भरवशावर आमच्या कितीतरी मैत्रिणी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर देऊन बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करा. बी.एड. सहावीपासून पुढे. त्यातही सहावी ते आठवीला टीईटीचा दुसरा पेपर लागतो, नववी-दहावीला नाही. पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी त्यावर २०० गुणांची टेट (अभियोग्यता चाचणी) असते ती वेगळी. आणि जागा निघते ती विषयाची. पदवीचा विषय शाळेत शिकवला जातो का, हे बघा. मानसशास्त्र, समाजशास्त्र घेतलेल्यांना आणि बी.कॉम. झालेल्यांना दहावीपर्यंत फारशी जागा नाही. अकरावी-बारावीला जायचं तर पदव्युत्तर पदवीही हवी. बी.ए.ला विषय निवडताना ‘सोपा कोणता’ म्हणून विचारणाऱ्या मुलीला ही अडचण पाच वर्षांनी कळते.

टीईटीतही दलाल फिरतात. २०१९-२०च्या परीक्षेतला गुण वाढवून देण्याचा घोटाळा पुणे पोलिसांनी २०२१च्या डिसेंबरमध्ये बाहेर काढला आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. त्यातले कित्येक तर नोकरीत होते. पैसे गेले, नोकरी गेली आणि नाव यादीत छापून आलं.

आणखी एक. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे, आणि २०२५च्या सुरुवातीला एनसीटीईने एक वर्षाच्या बी.एड.चाही मसुदा पुढे आणला. म्हणजे आज बारावीत असलेल्या मुलीने माझी वाट जशीच्या तशी धरू नये. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पहिल्या पानापासून वाचावी. मोबाइलवर फिरणारा फोटो ही माहितीपुस्तिका नव्हे.

आणि पैशांचं आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणू नये. शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढलं. माध्यमिकला ते महिना १८,००० रुपये आहे, प्राथमिकला १६,०००, आणि ते तीन वर्षं तेवढंच राहतं. त्याआधीची बी.एड.ची दोन वर्षं, टीईटी, टेट आणि भरतीची वाट बघणं हे सगळं धरून घरातल्यांसमोर हिशोब मांडा. तो पटत असेल तर यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतच आजोबांच्या शाळेत जाऊन रजिस्टरचा उतारा मागा. सीईटीचा अर्ज त्यानंतर.