मेंढीपालनात जनुक तपासणी परवडते का?

दख्खनी मेंढी एका वेतात साधारणतः एकच कोकरू देते. सुंदरबनातील गारोल मेंढीस मात्र दोन-तीन कोकरे होतात. हा गुण ‘फेक-बी’ या जनुकामुळे येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो दख्खनी मेंढ्यांत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली.

तपासणी कोणाची?

मादीचा गुण वेतावरून कळतो, नराचा मात्र दिसण्यावरून कळत नाही. जुळ्यातील नरात हे जनुक असेलच असेही नाही. त्यासाठी रक्ताच्या नमुन्याची डीएनए तपासणी करावी लागते. जनुकाच्या दोन प्रती असलेला नर प्रत्येक कोकरास एक प्रत देतो. एकच प्रत असल्यास सरासरी निम्म्या कोकरांनाच ती मिळते. म्हणून साध्या दख्खनी कळपात सर्व मेंढ्या न तपासता पैदाशीचा नर तेवढा तपासावा.

फायदा केव्हा?

नर बदलला म्हणून लगेच जुळी होत नाहीत. हा गुण त्याच्या मुलींच्या वेतात दिसतो. त्यामुळे मादी कोकरे विकून टाकणाऱ्यांचा तपासणीचा खर्च वाया जातो. तसेच गाभण मेंढीस शेवटचा दीड महिना खुराक न दिल्यास जुळी अशक्त जन्मून दगावतात. केवळ चराईवर भटकणाऱ्या कळपास एकच सुदृढ कोकरू बरे.

तात्पर्य, मादी कोकरे राखणाऱ्या व खुराकाची सोय असणाऱ्या मेंढपाळ बंधूंनीच नराची तपासणी करून घ्यावी.